परक्या मुलखातील पहिली ओळख

गेल्या वर्षी माझी पुतणी पुढील शिक्षणासाठी जर्मनीस जावयास निघाली, तेव्हा तिने मला विचारले, ‘‘काका, जाण्याआधी मी काय वाचू?’’ चाळीस वर्षे मराठी प्रवासवर्णने गोळा करणाऱ्या माणसाला यापेक्षा आवडता प्रश्न कोणता असणार! मी कपाट उघडले. गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’, पु. ल. देशपांडे यांची ‘अपूर्वाई’ आणि आणखी चारपाच पुस्तके तिच्या हाती दिली. पंधरा दिवसांनी ती पुस्तके नीट कागदात गुंडाळून परत आली. ती म्हणाली, ‘‘काका, पुस्तकं फार छान आहेत, पण हे सगळे पाहुणे म्हणून गेले होते. मला तिथं राहायचंय. पहिल्या आठवड्यात कुणाला गाठायचं, काय विचारायचं, ते यात कुठंच नाही.’’

मी त्या वेळी काही उत्तर दिले नाही, कारण उत्तर नव्हतेच. पण तिचे म्हणणे मनातून जाईना. आपण ज्या पुस्तकांना परदेशाची पुस्तके म्हणतो ती कोणासाठी लिहिली गेली आहेत? आणि परक्या मुलखात राहावयास जाणाऱ्याने, तेथे पाऊल ठेवण्यापूर्वी, आपली म्हणावी अशी माणसे कशी शोधावी, हे सांगणारे लेखन मराठीत आहे की नाही?

प्रवासवर्णनाची पारख आपण आजवर दोन गोष्टींवर करीत आलो : लेखकाने काय पाहिले आणि ते किती रसाळपणे सांगितले. या कसोटीवर ‘अपूर्वाई’ (१९६०) आजही पहिल्या ओळीत बसेल. तिच्यातील विनोद, तिच्यातील माणसांचे प्रेम यांविषयी माझी तक्रार नाही. परंतु त्या विनोदामागे एक निश्चिंती आहे. परतीची तारीख ठरलेली आहे आणि घरी वाट पाहणारा वाचक आहे. फजिती झाली तरी ती सांगण्याजोगी गोष्ट होते. जो राहावयास जातो त्याची फजिती मात्र दुसऱ्या दिवशीही तशीच त्याच्यापुढे उभी असते. सरकारी नोकरीत बदलीच्या गावी जाताना मी जिल्ह्याचे गॅझेटियर वाचून जात असे. तेथील नद्या, देवळे, पिके मला ठाऊक असत. पण पहिल्या संध्याकाळी उपयोगी पडे तो कचेरीतला जुना कारकून. पाणी किती वाजता येते, कोणत्या गल्लीतले घर घेऊ नये, कोणाच्या दुकानात उधारी चालते, हे त्याला ठाऊक. आपली बहुतेक प्रवासवर्णने गॅझेटियरच्या जातीची आहेत. मी त्या कारकुनाच्या जातीचे लेखन शोधू लागलो, आणि ते मला प्रवासवर्णनांच्या कपाटात नव्हे, तर पत्रे आणि आत्मचरित्रे यांच्या कपाटात सापडले.

त्यांतले पहिले म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पत्रव्यवहार. काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेल्या चरित्रातून तो मराठी वाचकांपुढे आला. हकीकत सर्वांना ठाऊक आहे, पण तिची सुरुवात पुन्हा एकदा पाहण्यासारखी आहे. गोपाळराव जोशी यांनी पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागणारे पत्र १८७८ साली अमेरिकन मिशनऱ्यांस लिहिले. ते पत्र आणि त्यावरील उत्तर प्रिन्स्टन येथील एका मिशनरी मासिकात छापून आले. उत्तराचा आशय असा, की आधी धर्म स्वीकारा. म्हणजे मदत तर नाहीच, वर गरज चारचौघांत छापली गेली. पण १८८० साली न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता तोच अंक त्यांच्या हाती पडला, आणि त्यांनी या अनोळखी मुलीला पत्र घातले. आनंदीबाई त्या वेळी पंधरा वर्षांच्या होत्या.

पुढली तीन वर्षे ही पत्रे जात-येत राहिली. त्यांत हिंदू चालीरीती आहेत, धर्म आहे, बालविवाहाने स्त्रियांच्या प्रकृतीवर होणारे परिणाम आहेत. आनंदीबाईंची प्रकृती बंगालच्या मुक्कामात बिघडू लागली तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधे पाठविली. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. मला या नात्याचे विशेष वाटते. आई नाही, मैत्रीण नाही, ‘मॅडम’ही नाही. आपल्याकडे मावशी म्हणजे आईच्या ठायी असलेली, पण आईइतका हक्क न गाजविणारी बाई. परक्या देशातील माणसाला कोणत्या नात्याने हाक मारावी हा प्रश्न जाणाऱ्या प्रत्येकापुढे असतो, आणि या मुलीने तो जाण्याआधीच सोडविला होता. १८८३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून निघून जूनमध्ये ती न्यूयॉर्कला उतरली, तेव्हा धक्क्यावर घ्यावयास आलेली बाई तिला अनोळखी नव्हती.

श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) ही कादंबरी आणि २०१९ चा त्याच नावाचा चित्रपट यांनी ही कहाणी घरोघरी पोहोचविली, हे त्यांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट म्हणावीशी वाटते. दोहोंचा जीव गोपाळराव व आनंदी या दांपत्यात गुंतलेला आहे. नवऱ्याचा हट्ट, बायकोची सोशीकता, समाजाचा छळ यांत नाट्य भरपूर आहे. त्या नाट्यात कार्पेंटरबाई एक प्रेमळ परदेशी बाई म्हणून कडेला राहतात. माझ्या मते या कहाणीचा दुसरा खांब ही पत्रमैत्रीच आहे. गोपाळरावांच्या हट्टाने आनंदीबाई शिकल्या, पण त्या जाऊ शकल्या ते या पत्रांच्या बळावर. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या सभेत त्यांनी आपण अमेरिकेस का जातो याचा खुलासा केला. एकट्या का जाता, तेथे संकट आले तर काय कराल, हे लोकांचे प्रश्न त्यांनी स्वतःच मांडून त्यांची उत्तरे दिली. तीन वर्षांच्या पत्रांनी त्या ‘एकट्या’ राहिल्या नव्हत्या, हे त्या भाषणातील धैर्याचे एक कारण आहे आणि ते सहसा सांगितले जात नाही.

तथापि या पत्रांची मर्यादाही सांगितली पाहिजे. दोन्ही बाजूंनी माया असली की अडचणी लिहिताना हात आखडतो. साडी सोडणार नाही, मांसाहार करणार नाही, असा निश्चय करून आनंदीबाई निघाल्या. त्या निश्चयाची पेन्सिल्व्हानियाच्या हिवाळ्याशी गाठ पडल्यावर काय होईल, हे कोणत्याही पत्रातून कळण्याजोगे नव्हते. थंडी आणि न मानवणारे अन्न यांनी आधीच नाजूक असलेली प्रकृती ढासळत गेली, क्षयाने घर केले. ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी पुढे कार्पेंटरबाईंकडे गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. जी ओळख दंतवैद्याच्या दारात झाली ती तेथवर टिकली. पण माया म्हणजे माहिती नव्हे, हा धडाही याच पत्रांत आहे.

दुसरे नाव पंडिता रमाबाईंचे. ज्या एप्रिलमध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून निघाल्या त्याच महिन्यात रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. प्रवासाचे जे पत्र त्यांनी सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिले ते त्याच वर्षी ‘इंग्लंडचा प्रवास’ म्हणून छापले गेले. मागे राहिलेल्यांसाठी लिहिलेले पत्र पुढे जाणाऱ्यांचे पुस्तक कसे होते, याचा हा आपल्या भाषेतील एक आरंभीचा नमुना.

रमाबाईंची ओळख व्यक्तीशी नव्हे, तर संस्थेशी होती. वाँटेज येथील ज्या ख्रिस्ती भगिनींकडे त्या उतरल्या त्यांची शाखा पुण्यास होती आणि परिचय तेथेच झालेला होता. राहण्याजेवणाच्या मोबदल्यात रमाबाईंनी त्यांना संस्कृत-मराठीसारख्या भाषा शिकवावयाच्या, असा सरळ व्यवहार. संस्थेची ओळख व्यक्तीच्या ओळखीपेक्षा भक्कम असते. घर तयार, जेवण तयार, दिनक्रम तयार. पण संस्था नियमही तयार ठेवते. सप्टेंबर १८८३ मध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर या नियमांची खरी गाठ पडली. ए. बी. शाह यांनी १९७७ साली संपादित केलेला त्यांचा इंग्रजी पत्रव्यवहार वाचताना आजही मन थांबते. शाकाहाराचा हट्ट अहंकाराचा ठरतो. क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे विचारले की तो उद्धटपणा होतो. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याची गोष्ट निघते तेव्हा हिंदुस्थानातले बिशप हरकत घेतात. आसरा देणाऱ्या भगिनी दुष्ट नव्हत्या. त्यांची माया खरी होती, आणि म्हणूनच ती मोडून निघणे अवघड होते. रमाबाई उत्तरे देतात, आदराने देतात, पण आपला विवेक कोणाच्या हवाली करावयाचे नाकारतात. परक्या देशात ज्यांनी आपल्याला घरात घेतले त्यांना ‘नाही’ कसे म्हणावे, हे ज्याला शिकावयाचे असेल त्याने ही पत्रे वाचावीत.

१८८६ च्या आरंभी आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी म्हणून रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे हिंडल्या. त्यातून १८८९ साली ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक झाले. वरवर पाहता हे शुष्क पुस्तक आहे. राज्यपद्धती, गृहस्थिती, विद्या, धर्मपंथ, स्त्रियांची स्थिती, व्यापार, अशी प्रकरणे. रसिकांनी ते फारसे डोक्यावर घेतले नाही यात नवल नाही. पण मी ते या खेपेस वेगळ्या दृष्टीने वाचले आणि माझे मत बदलले. रमाबाई इमारतींपाशी रेंगाळत नाहीत. त्या देशातील माणसे एकत्र कशी येतात हे त्या पाहतात. स्त्रिया सभा कशी भरवितात, मंडळी कशी स्थापतात, वर्गणी कशी जमवितात, हिशेब कसा ठेवतात, हे त्या बारकाईने टिपतात. अमेरिकेच्या स्तुतीत त्या पुष्कळदा वाहवतात, हा दोष खरा. परंतु तेथील मूळ रहिवाशांवर आणि काळ्या लोकांवर झालेला अन्याय सांगावयास त्या विसरत नाहीत, म्हणून ती स्तुती आंधळी नाही. शिवाय हे केवळ निरीक्षण राहिले नाही. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. परक्या मुलखात त्या आधार शोधण्यास गेल्या आणि आधार उभा कसा करावा हे शिकून आल्या. त्या रुक्ष प्रकरणांचे महत्त्व यात आहे.

तिसरे पुस्तक धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (१९२४). गोव्यातील साखवाळ गावचा हा तरुण ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातला बुद्धावरील लेख वाचून अस्वस्थ झाला आणि १८९९ साली घरातून बाहेर पडला. पुण्यास डॉ. रा. गो. भांडारकर भेटले. तेथून उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर करीत तो काशीस पोहोचला आणि अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकला. पुढे नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश. १९१० साली तो हार्वर्डला गेला. या सर्व वाटेवर त्याच्यापाशी भांडवल एकच होते : एका माणसाने दुसऱ्या माणसाकडे पाठविणे.

‘निवेदन’ची भाषा इतकी साधी आहे की वाचक फसतो. समुद्राचे वर्णन नाही, हिमालयाचे काव्य नाही. कोण भेटले, त्यांनी काय विचारले, जेवणाची सोय काय झाली, पुढे कोणाचे नाव सांगितले, एवढेच. नोकरीच्या दिवसांत मी असे पुष्कळ अहवाल वाचले, पण कोणत्याही अहवालात लेखकाने स्वतःविरुद्ध पुरावा नोंदविलेला मला आढळला नाही. कोसंबी तो नोंदवितात. मागे बायको आणि तान्ही मुलगी टाकून आपण निघालो, संसारात मन नव्हते, हे ते झाकीत नाहीत. जाणाऱ्याच्या पायवाटेवर मागे राहिलेल्यांचा खर्च पडलेला असतो, हे सांगणारे प्रवासी थोडे. आपल्या बडोद्याचाही या वाटेत वाटा आहे. कोसंबींनी महाराष्ट्रातील एखाद्या शहरी राहावे या अटीवर सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपये तीन वर्षे देऊ केले. कलकत्त्यातील मोठा पगार सोडून कोसंबी आले, आणि इकडे आले म्हणूनच हार्वर्डचे प्रा. वूड्स यांची गाठ पडून अमेरिकेची वाट खुली झाली. तेथे मात्र ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनाच्या श्रेयावरून प्रा. लॅनमन यांच्याशी बिनसले आणि १९१२ साली ते परतले. पुढे पुन्हा गेले, काम केले, पण ती आवृत्ती हार्वर्डकडून निघाली १९५० साली. कोसंबींना जाऊन तोवर तीन वर्षे झाली होती. ज्याने बोलावून नेले तो एक आणि ज्याच्या हाताखाली काम पडले तो दुसरा, हे परदेशी गेलेल्या किती विद्यार्थ्यांच्या अनुभवाला येत असेल!

ही तीन माणसे शेजारी बसविली म्हणजे प्रवासाच्या लेखनासाठी तीन वेगळ्या कसोट्या हाती येतात. पहिली, पहिली ओळख कशी झाली हे लेखक सांगतो काय? दुसरी, मिळालेल्या आधाराची किंमत काय पडली हे सांगतो काय? तिसरी, आपले काय चुकले वा उणे पडले हे सांगतो काय? या कसोट्यांवर आपली पुष्कळ लोकप्रिय पुस्तके उतरत नाहीत. तो त्यांचा दोष नव्हे, ती त्यासाठी लिहिलेलीच नाहीत. पण टीकाकारांनी आणि आमच्यासारख्या वाचकांनी केवळ त्यांनाच परदेशाचे साहित्य मानावे, हा दोष आपला.

परदेशी मराठी मंडळांनी तरी ही उणीव भरून काढली काय? लंडनचे महाराष्ट्र मंडळ न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने १९३२ साली स्थापन झाले, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली. नव्याने उतरलेल्या माणसाला गणपतीची आरती ऐकू येणे म्हणजे काय, हे आपणा महाराष्ट्राबाहेरच्यांना वेगळे सांगावयास नको. त्यांच्या स्मरणिका मात्र अध्यक्षांचे मनोगत आणि कार्यक्रमांची छायाचित्रे यांनी भरलेल्या असतात. अपर्णा वेलणकर यांनी ‘फॉर हिअर ऑर टू गो?’मध्ये उत्तर अमेरिकेतील पहिल्या पिढीच्या मराठी माणसांना बोलते केले, तेव्हा या मंडळींनी आरंभीचे दिवस कसे काढले हे सलगपणे वाचावयास मिळाले. पण तेही त्या पिढीचे केस पांढरे झाल्यावर.

आता शेवटची गोष्ट, जी लिहिताना मला संकोच वाटतो. आपण बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथली जुनी घराणी. आपले पूर्वजही कोणे एके काळी परमुलखात राहावयासच आले होते. सरदारांच्या पराक्रमाचे आणि संस्थानिकांच्या औदार्याचे आपण पुष्कळ लिहिले. पण ज्या कारकुनाने, भिक्षुकाने, पंतोजीने या गावात पहिली रात्र काढली, तो कोणाच्या ओसरीवर निजला? खानावळ त्याला कोणी दाखविली? शेजारच्या गुजराती वा हिंदी घरातील बाईला त्याच्या बायकोने कोणत्या नात्याने हाक मारली? यांतले काहीच आपल्यापाशी नाही. निदान माझ्यापाशी नाही. आमच्या वाड्याची वाटणी झाली तेव्हा माळ्यावर मोडी कागदांची एक पेटी निघाली. घरात मोडी कोणाला वाचता येत नव्हती. मी सरकारी दप्तरे तीन दशके जपली, कोणती फाईल किती वर्षे ठेवावी याचे नियम मला पाठ होते. पण ती पेटी मी रद्दीवाल्याला दिली. त्यांत जमाखर्च होते की पत्रे, हे आता कळण्याचा मार्ग नाही.

पुतणीला मी पुढे काय दिले, ते सांगून हे लिखाण संपवितो. आनंदीबाईंचे चरित्र आणि ‘निवेदन’ ही दोन पुस्तके तिच्या सामानात गेली. तिकडे पोहोचल्यावर तिने फोन केला. घर मिळाले होते, शेजारी एक पोलिश विद्यार्थिनी आणि एक केरळची मुलगी. मी म्हटले, ‘‘सगळं नीट आहे हे मला सांगू नकोस. काय अडलं, कुणाला विचारलं, ते लिहून ठेव.’’ ती हसली आणि म्हणाली, ‘‘काका, लिहीन. पण कपाटात नका ठेवू, माझ्यामागून जी येईल तिला द्या.’’